गेटवर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा बसवताय? आधी सुतळी धरा, मग कोटेशन मागवा

नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा घ्यायचं ठरलं की कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिली चर्चा होते ती कंपनी कुठली आणि किती मेगापिक्सेल, यावर. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न शेवटी घ्यायचे. आधी बघायचं ते हे, की तुमच्या गेटवर गाडी कॅमेऱ्यासमोर सरळ येते का, आणि येताना तिचा वेग किती असतो. याचं उत्तर जमलं तर मध्यम किमतीचा कॅमेराही नीट वाचतो. ते जमलं नाही, तर महागातला कॅमेरा आणूनही वॉचमनलाच पळत जाऊन बटण दाबावं लागतं.

मी नाशिकमध्ये सातपूरला कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. आता गेट, बॅरिअर आणि कॅमेऱ्यांचीच कामं करतो. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या सोसायट्या आणि अंबड, सिन्नरकडचे कारखाने. सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी किंवा छोट्या कारखान्याचे मालक असाल, तर विक्रेत्याशी बोलायच्या आधी हे वाचून घ्या. पुढचं बरंचसं काम तुम्हाला स्वतःला तपासता येतं, त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

यंत्रणा थोडक्यात अशी चालते. कॅमेरा गाडीचे लागोपाठ फोटो घेतो, फोटोत पाटी शोधतो, तिच्यावरची अक्षरं वाचतो आणि आपल्या यादीशी ताडून बघतो. नंबर यादीत असला की आतला छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, सेकंदभर जोडला जातो आणि बॅरिअरच्या बोर्डाला ‘उघड’ असा इशारा मिळतो. याला एएनपीआर, म्हणजे ऑटोमॅटिक नंबरप्लेट रेकग्निशन, म्हणतात. ही यादी कॅमेऱ्याच्या आतच राहील असाच कॅमेरा घ्या. इंटरनेट गेलं तरी गेट चालू राहायला हवं.

जागा ठरवणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पाटीकडे बघण्याचा कोन वरून आणि बाजूने ३० अंशांच्या आत हवा. वीसच्या आत बसला तर उत्तम. आपल्याकडे अडचण अशी, की बहुतेक सोसायट्यांचं गेट थेट रस्त्यालाच लागून असतं. गाडी रस्त्यावरून काटकोनात वळते आणि गेटात शिरेपर्यंत तिरकीच असते. सरळ होते ती शेवटच्या दोनेक मीटरमध्ये. अशा गेटवर बाहेरच्या खांबाला कॅमेरा लावला की त्याला पाटी नेहमी तिरपी दिसते. म्हणून कॅमेरा गेटच्या आत, बॅरिअरच्या मागे न्यायचा आणि गाडी जिथे सरळ होऊन थांबते त्या जागेवर रोखायचा.

कॅमेरा आत नेला की दुसरी अडचण येते, बॅरिअरच्या दांड्याची. पडलेला दांडा जमिनीपासून साधारण १ मीटरवर असतो. कारची पुढची पाटी साधारण ६० सेंटीमीटरवर. समजा कॅमेरा दांड्याच्या ४ मीटर मागे आहे आणि पाटी दांड्याच्या २ मीटर पुढे. कॅमेरा दीड मीटर उंचीवर लावला, तर त्याची नजर दांड्याजवळ येईपर्यंत ९० सेंटीमीटरवर उतरलेली असते. म्हणजे दांडा बरोबर पाटीच्या आड येतो. तोच कॅमेरा अडीच मीटरवर चढवला की नजर दांड्याच्या वरून, सव्वा मीटरवरून जाते आणि वरून बघण्याचा कोनही १८ अंशांच्या आतच राहतो. खांबाची उंची ठरते ती अशी. ‘आम्ही सगळीकडे दीड मीटरचाच खांब देतो’ असं कोणी सांगितलं, तर त्याला हे गणित करायला लावा.

गणित नको असेल तर गवंड्यासारखी सुतळी घ्या. गेटवर एक कार थांबवा. एकाने कॅमेऱ्याच्या प्रस्तावित जागी शिडीवर सुतळीचं टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक पाटीला लावायचं आणि दांडा खाली पाडायचा. सुतळी दांड्याला, झाडाच्या फांदीला किंवा वॉचमनच्या केबिनच्या पत्र्याला घासली, तर ती जागा बाद. नाही घासली, तर त्याच जागेवरून मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून पाहा. हेच संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा करा.

गेट पूर्वेला असेल तर सकाळी सातलाही एक फेरी मारा. आत येणाऱ्या गाडीकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात तेव्हा थेट सूर्य असतो, आणि नेमकी तीच शाळेच्या व्हॅनची आणि जॉगिंग ट्रॅकवरून परतणाऱ्यांची वेळ असते. कॅमेऱ्यावर लांब छज्जा लावून आणि त्याला थोडा खाली झुकवून निम्मा त्रास कमी होतो. उरलेल्यासाठी कॅमेरा लेनच्या दुसऱ्या कडेला हलवावा लागतो.

वेगाचं काय? कॅमेऱ्यापेक्षा स्पीडब्रेकर स्वस्त. दांड्याच्या तीन-चार मीटर अलीकडे रबरी ब्रेकर बसवा. गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीतले वॉचमनकाका मला म्हणाले होते, “साहेब, कॅमेरा नंबर घेतो हो बरोबर, पण गाडीवालाच थांबत नाही.” त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. दांड्यापर्यंत तशाच वेगात आलेल्या गाडीचा नंबर वाचून दांडा वर जायला वेळच उरत नाही. ब्रेकर लागला आणि तक्रार थांबली.

लेन्स, शटर आणि रात्र

आता मेगापिक्सेल. पाटी फोटोत किमान १०० ते १३० पिक्सेल रुंद दिसली पाहिजे. दोन मेगापिक्सेलचा फोटो १९२० पिक्सेल रुंद असतो. कारची लांब पाटी ५०० मिलिमीटरची असते. कॅमेरा ४ मीटर रुंदीचा पट्टा पाहत असेल तर पाटीला २४० पिक्सेल मिळतात, म्हणजे हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट. तोच कॅमेरा झूम कमी करून ८ मीटरचा पट्टा, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही लेन, दाखवायला लावला की पाटीला १२० उरतात आणि काम काठावर येतं. ‘एकाच कॅमेऱ्यात दोन्ही लेन बसवा ना’ हा आग्रह कमिटीतून हमखास होतो. तो धरू नका. एका लेनला एक कॅमेरा आणि झूम बदलता येणारी लेन्स, म्हणजे व्हेरिफोकल, एवढं पुरे.

शटरचा, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो त्याचा, हिशेबही सोपा आहे. ताशी २० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साडेपाच मीटर सरकते. साधा सीसीटीव्ही रात्री एका फोटोसाठी सेकंदाचा पन्नासावा भाग घेतो. तेवढ्यात गाडी ११ सेंटीमीटर पुढे आलेली असते. नियमाप्रमाणे कारच्या पाटीवरच्या अक्षराची रेघ १० मिलिमीटर जाड असते, त्यामुळे फोटोत सगळं फासलं जातं. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेलं की सरकणं साडेपाच मिलिमीटरवर येतं आणि अक्षर शाबूत राहतं. म्हणून गेटवरच्या जुन्या सीसीटीव्हीलाच ‘एएनपीआरचं सॉफ्टवेअर टाकून देतो’ असं कोणी म्हणालं, तर रात्रीचा डेमो पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

शटर इतकं वेगवान केलं की रात्रीचा फोटो जवळपास काळा येतो. हेडलाइटचे दोन ठिपके आणि मध्ये उजळलेली पाटी, बाकी काहीच दिसत नाही. हे बरोबर आहे. पाटीवरचा परावर्तक कागद कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याचा प्रकाश थेट परत पाठवतो, म्हणून ती एकटी चमकते. पण सभासद असा फोटो बघतात आणि म्हणतात, कॅमेरा खराब आहे. मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन ब्राइटनेस वाढवतं, आणि दुसऱ्या दिवसापासून वाचन बिघडतं. यावर उपाय म्हणजे शेजारी एक साधा कॅमेरा लावायचा. गाडीचा रंग, ड्रायव्हर, मागचा माणूस हे त्याने बघावं आणि पाटीवाल्याने फक्त पाटी बघावी. सेटिंगचा पासवर्ड दोघांकडेच ठेवा.

इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. पावसाळा संपता संपता लेन्ससमोर जाळं झालेलं असतं. दिवसा ते दिसतही नाही, रात्री मात्र दिव्याच्या प्रकाशात एकेक तंतू पांढरा पेटतो आणि पाटी त्याच्या मागे हरवते. ‘रात्रीचं वाचन अचानक बंद पडलं’ असा फोन आला की मी पहिला प्रश्न जाळ्याचाच विचारतो. इन्फ्रारेडचा दिवा कॅमेऱ्यापासून हातभर लांब, वेगळा लावला तर किडे तिकडे जातात. नाहीतर काठीला मऊ ब्रश बांधून केबिनमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा फिरवा.

आपल्याकडच्या पाट्या

डेमो दाखवायला येणारा माणूस स्वतःच्या नव्या कारवर डेमो दाखवतो. तो वाचला जाणारच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी पाटीसह येतात, तिची अक्षरं ठरावीक मापाची आणि ठशाची असतात. तिथे वाचन सहसा चुकत नाही. राज्यात आता त्याआधीच्या गाड्यांनाही ही पाटी बंधनकारक आहे, पण पार्किंगमध्ये एक चक्कर मारलीत तर अजून रंगवलेल्या, मराठी आकड्यांच्या, ४१४१ चा ‘दादा’ केलेल्या पाट्या सापडतील. यांच्यासाठी सॉफ्टवेअरशी झगडू नका. तशीही ती पाटी नियमबाह्यच आहे. सभासदाला हाय सिक्युरिटी पाटी लावून घ्यायला सांगा आणि तोवर त्याच्यासाठी वॉचमन गेट उघडेल असं ठरवा.

डेमोला मात्र हे सगळं समोर उभं करा: विजेवर चालणारी हिरव्या पाटीची कार, पिवळ्या पाटीची टॅक्सी किंवा टेम्पो, भाड्याने मिळणारी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची कार, दोन ओळींची मागची पाटी, आणि बीएच मालिकेची एक गाडी. या शेवटच्या गाडीकडे नाशिकमध्ये विशेष लक्ष द्या. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी अक्षरं असतात. ती संरक्षण दलातल्या, केंद्र सरकारच्या, आणि अनेक राज्यांत शाखा असलेल्या कंपन्यांतल्या लोकांना मिळते. देवळालीला तोफखान्याचं केंद्र, ओझरला विमान कारखाना, नाशिकरोडला नोटांची प्रेस, त्यामुळे अशी गाडी आपल्याकडे हमखास येते. ज्या सॉफ्टवेअरला फक्त ‘एमएच १५’ धर्तीचाच नंबर ठाऊक आहे, ते हिला उलटंपालटं वाचतं.

वाचताना ठरावीक जोड्यांत गोंधळ होतो: इंग्रजी बी आणि ८, डी आणि ०, एस आणि ५, झेड आणि २. चांगलं सॉफ्टवेअर कुठल्या जागी अक्षर आणि कुठल्या जागी आकडा हवा हे ओळखून स्वतःच दुरुस्त करतं. एका अक्षराची चूक चालवून घेण्याची सोयही असते, ती वापरण्याआधी आपली यादी चाळून पाहा. एकाच शोरूममधून एकाच आठवड्यात घेतलेल्या दोन गाड्यांचे नंबर एका आकड्याने वेगळे असू शकतात.

आणि एक गोष्ट कारखानदारांनी मनात पक्की धरावी. कॅमेरा पाटीवरचा नंबर वाचतो, गाडी ओळखत नाही. तोच नंबर दुसऱ्या गाडीला लावून कोणी आलं तरी दांडा उघडेल. पाटीवरचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक तो बघत नाही. सोसायटीत एवढं चालून जातं. माल ठेवलेल्या कारखान्यात मात्र सोबत काचेवरचा, फास्टॅगसारखा आरएफआयडी टॅग किंवा गार्डची नजर हवीच. ट्रॅक्टर-ट्रॉली येत असेल तर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो हे गेटपासच्या नमुन्यातच लिहून ठेवा. द्राक्षांच्या हंगामात कोल्ड स्टोरेजच्या गेटवर रांगा लागतात. तिथे पिकअपच्या मागच्या पाटीवर फाळक्याची साखळी लोंबत असते, म्हणून नेहमी पुढची पाटी वाचायची.

दांडा कोणाच्या डोक्यात पडू नये

या भागात मी कोणाचंही ऐकत नाही. कॅमेऱ्याला फक्त ‘उघड’ची वायर जोडायची. बंद करणं कॅमेऱ्याच्या हाती कधीच द्यायचं नाही. बंद होण्याचा निर्णय दांड्याखालच्या जमिनीत पुरलेल्या लूपने आणि आडव्या किरणाच्या सेन्सरने घ्यायचा. लूप म्हणजे काँक्रीटमध्ये खाच कापून फिरवलेले वायरचे तीन-चार वेढे. गाडीचं लोखंड वर आलं की त्याला कळतं. पेव्हर ब्लॉक असतील तर ते उचलून, पाइपात घालून लूप खाली बसवा. सरकतं लोखंडी गेट शेजारी असेल तर लूप त्यापासून मीटरभर लांब ठेवा, नाहीतर गेट हललं तरी त्याला गाडी वाटते.

लूपला स्कूटर नीट कळत नाही, आणि चालणारा माणूस तर अजिबात कळत नाही. कारमागून घाईत घुसणारी ॲक्टिव्हा आणि दांड्याखालून पळणारी पोरं हाच खरा धोका. त्यांच्यासाठी किरणाचा सेन्सर, दांड्याखाली रबरी पट्टी आणि अडथळा लागताच उलटं वर जाणारी मोटर, या तीन गोष्टी कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या. पैसे वाचवायला यातलं काही काढू नका. वाटलं तर दुसरा कॅमेरा पुढच्या वर्षी घ्या.

दुचाक्यांना या यंत्रणेत आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची पाटी २०० मिलिमीटरची, रंगीबेरंगी आणि वाकलेली असते आणि एकावेळी तीन जण शेजारी शेजारी येतात. दांड्याच्या बाजूला सव्वा मीटरची वेगळी वाट ठेवा. तिथे वॉचमनची नजर आणि सोसायटीचं स्टिकर पुरतं.

कॅमेरा, नेटवर्क स्विच आणि बॅरिअर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. मोटरची वायर आणि कॅमेऱ्याची केबल एका पाइपातून नेऊ नका. मे-जूनच्या वळवाच्या विजा लक्षात घेऊन अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारं उपकरण, लावा. दांडा हाताने उचलायची किल्ली केबिनमध्ये खिळ्याला लटकवा आणि प्रत्येक पाळीच्या वॉचमनला ती एकदा स्वतः वापरायला लावा. रात्री ॲम्ब्युलन्स आली आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी असली, तर या सगळ्याचा उपयोग काय?

यादी, चाचणी आणि खासगीपणा

यादी आरसी बुकावरून करा, तोंडी सांगितलेल्या नंबरांवरून नको. नंबरात जागा किंवा आडवी रेघ न घालता लिहा. फ्लॅट नंबर आणि मुदतीची तारीख शेजारी टाका. भाडेकरूच्या गाडीला करार संपतो तीच तारीख द्या. विकलेल्या गाड्या यादीत तशाच पडून राहतात आणि नवा मालक बिनबोभाट आत येतो, म्हणून दर तीन महिन्यांनी यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर न टाकता प्रत्येकाला त्याच्यापुरती दाखवून खात्री करून घ्या. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी-तपोवनाकडच्या सोसायट्यांत पाहुण्यांच्या गाड्या येतील. त्यांना दिवसांच्या मुदतीची वेगळी यादी आत्ताच करून ठेवा.

पहिले दोन आठवडे दांडा कॅमेऱ्याला जोडू नका. कॅमेऱ्याने फक्त नोंद करायची, वॉचमनने नेहमीप्रमाणे रजिस्टर लिहायचं. मग दिवसाच्या शंभर आणि रात्रीच्या शंभर नोंदी रजिस्टरशी ताडून पाहा. किती चुकल्या यापेक्षा कुठल्या चुकल्या ते बघा. सगळ्या रात्रीच्या असतील तर दिवा आणि शटर. सगळ्या एकाच बाजूने वळून येणाऱ्या गाड्यांच्या असतील तर कोन. त्याच त्या दोन-तीन गाड्या असतील तर त्यांच्या पाट्या. शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच द्यायचा हे आधीच ठरवून घ्या.

कोण किती वाजता आला-गेला हा लोकांच्या आयुष्याचा हिशेब आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायद्याआधी ही शेजाऱ्यांच्या विश्वासाची गोष्ट आहे. नोंदी ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जातील असं सेटिंग करा, कोण बघू शकतो ते ठरावात लिहा, आणि गेटवर मराठीत फलक लावा. सून किती वाजता आली हे विचारायला आलेल्याला नोंद दाखवायची नाही, हे वॉचमनला कमिटीने सांगितलेलं असलं पाहिजे. त्याला एकट्याला नाही म्हणायला लावू नका. कॅमेरा घेताना एप्रिल २०२५ पासून सक्तीची झालेली सरकारी सुरक्षा चाचणी त्या मॉडेलने पार केल्याचं प्रमाणपत्रही मागा.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा काच मऊ कापडाने पुसा आणि रात्रीचा एक फोटो बसवलेल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहा. खांबाला टेम्पोचा धक्का लागून कॅमेरा दोन बोटं सरकला तरी फोटोत लगेच कळतं. पावसाळ्यात त्र्यंबककडून किंवा शेतातून आलेल्या गाड्यांच्या पाट्या चिखलाने भरलेल्या असतात, त्यासाठी केबिनपाशी पाण्याची बादली आणि फडकं ठेवा. दसऱ्याला वेगळी तयारी लागते. पूजा झालेल्या प्रत्येक गाडीच्या बंपरवर झेंडूचा हार असतो आणि तो नेमका पाटीवर लोंबतो, शिवाय अक्षरांवर हळद-कुंकवाचं बोट. त्या दिवशी दांडा वर ठेवा, वॉचमनला जोडीला एक माणूस द्या आणि लोकांना हार काढायला सांगू नका. दुसऱ्या दिवशीही बऱ्याच गाड्यांवर हार तसाच असतो, तेव्हा दोन दिवस धरून चाला.

काम ताब्यात घेताना चार गोष्टी मागून घ्या: कॅमेऱ्याचा मुख्य पासवर्ड सोसायटीच्या नावाने, यादीची पेन ड्राइव्हवरची प्रत, वायरिंगचं हाताने काढलेलं का होईना पण चित्र, आणि दांड्याच्या किल्लीची दुसरी प्रत. चित्र लॅमिनेट करून केबिनच्या दाराला आतून चिकटवा.